भरलेलं कार्ड डाव्या खिशात

कुठल्या कॅमेऱ्याला कुठलं मेमरी कार्ड चालतं, हे सोलापुरात कंपनीच्या आधी माझ्या मावशीच्या यजमानांना कळतं. लग्नाचे फोटो काढणारे हे काका एरवी साधे गृहस्थ. पण दुकानात नवं मॉडेल आलं, की बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत मारून हजर. डब्यात आजवरची सगळी कार्डं, काडेपेटीएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. दुकानदार हात जोडतो, "काका, घेणार तरी आहात का?" "घेनार न्हाई. ह्याच्या पोटाला काय सोसतं ते बघू दे की." मग एकेक कार्ड घालायचं, फोटो काढायचा आणि वहीत शेरा लिहायचा : 'घेतो', 'घेतो पण कुरकुरतो', 'थुंकतो'. टेंभुर्णी-मोडनिंबचे फोटोग्राफर नवा कॅमेरा घेताना बायकोला नंतर विचारतात, काकांना आधी. फोटो काढताना ते कानडीत मोजतात, "ओंदु, एरडु..." आणि एरडुलाच बटण दाबतात, तीनपर्यंत थांबलं की माणूस डोळे मिटतो म्हणे. भरलेलं कार्ड डाव्या खिशात, रिकामं उजव्या, ही त्यांची शिस्त. नवरदेवाचा बाप मिठी मारायला आला, तरी काका आधी डावा खिसा झाकतात.

लोक या वेडाला हसतात. मीही हसायचो. पण ते कशानं लागलं हे मला ठाऊक होतं, आणि बारा वर्षं मी गप्प बसलो.

तेव्हा मी त्यांच्याबरोबर काम करायचो. वळसंगच्या एका लग्नात त्यांनी हळदीचं भरलेलं कार्ड माझ्याकडे दिलं. मी ते उजव्या खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी रिकामं समजून माझ्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्यानं विचारलं, फॉरमॅट करू? घाईत मी हो म्हटलं आणि वर अख्खी वरात चढवली. त्या हळदीत नवरीचा बाप जन्मात पहिल्यांदा नाचला होता. काकांना मी सांगितलं, "नव्या मॉडेलला जुनं कार्ड चाललं नाही, आपोआप पुसलं गेलं." काकांनी नवरीच्या बापापुढं हात जोडले. "चूक माजी. नव्या कॅमेऱ्याला कार्ड चालतंय का, मी तपासाय पायजे होतं." माझं नावही घेतलं नाही. ते कार्ड मात्र पुन्हा कधी वापरलं नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात नवं मॉडेल आलं. मीही सोबत होतो. डब्याच्या तळातून काकांनी नेमकं तेच कार्ड काढून घातलं. पडद्यावर प्रश्न आला : फॉरमॅट करू? त्यांचं बोट थांबलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, त्या दिवशी मलाही विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय. कुटलाबी कॅमेरा इच्यारल्याबिगर पुसत न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबलो की."

"आणि ही वही, हा डबा?"

"वळसंगच्या पावन्यांना शबूद दिलता, हितनं फुडं तपासल्याबिगर कार्ड घालनार न्हाई म्हनून. तू खोटं बोललास, मग मीबी खोटा ठरू व्हय?"

त्यांनी हो दाबलं आणि कॅमेरा माझ्यावर रोखला. "हस की जरा. बारा वर्सं तोंड पाडून फिरतुयास. ओंदु, एरडु..."

फोटो लख्ख आला. काकांनी वहीत शेरा लिहिला : 'घेतो'. डोळे तेवढे मिटलेत माझे. एरडुलाच.