सदाने जमवलेली काजळी

सदा गेल्याचं त्याच्या मुलीनं ऑफिसात फोन करून कळवलं. "काका, बाबा गेले," एवढंच. मी रिसीव्हर ठेवला आणि हातातलं काम पुरं केलं. त्याला आता महिना होऊन गेला... रडू अजून आलेलं नाही.

लालबागच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं गिरणगाव पेटलं, तेव्हा आम्ही दोघं कॉलेजात होतो. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण सदाचं ठरलेलं होतं. शहराच्या हवेचा अभ्यास करायचा आणि त्यावरच पोट भरायचं. तशी नोकरी कुठं असते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. चाळीच्या गच्चीवर तो व्हॅसलीन फासलेली काच ठेवायचा. महिनाभरात तिच्यावर गिरण्यांची काजळी बसली की ती खोक्यात जपून ठेवायची आणि नवी मांडायची. वर्षभराच्या काचा दाखवल्यास एम.एस्सी.ला हाताखाली घेईन, असं त्याच्या सरांनी कबूल केलं होतं. गिरणीत काम करणारे त्याचे वडील जेवताना विचारायचे, "धुराचो पगार कोण देतलो रे तुका?" सदा म्हणायचा, "कोणतरी देतलो. तुमचो खोकलो काय फुकट जातलो?" वडील हसायचे आणि हसता हसता पुन्हा खोकायचे.

मी चळवळीत होतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा गोळीबारात गेला. त्याला पोचवून परतलो, तर सदा गच्चीवर नवी काच मांडत होता. अंत्ययात्रेत तोही होता, माझ्याआधी घरी आला होता, इतकंच.

"आज तरी राहू द्यायचं होतंस," मी म्हणालो.

"आज गिरण्या बंद आहेत रे. अशी हवा पुन्हा कधी मिळायची?"

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात असताना मी खोकं उघडलं आणि एकेक काच फडक्यानं पुसली. संध्याकाळी त्याला सांगितलं, पोलीस झडतीला येणार होते, असल्या काळ्या चिकट काचा बघून त्यांना भलताच संशय आला असता. त्यानं एक काच उजेडाकडे धरली. "स्वच्छ पुसल्यास," म्हणाला... आणि मलाच चहा पाजला. सरांनी दुसऱ्या मुलाला घेतलं. आणखी वर्षभर थांबायची सदाच्या घरची परिस्थिती नव्हती. बी.एस्सी. होऊन तो माझगावला गोदीत कारकून झाला. मुंबई मिळाली तेव्हा आम्ही गळ्यात गळे घालून नाचलो, पण तेव्हाही मी बोललो नाही.

पोलीस येणार नव्हते. ते येणार असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. सदा मात्र आल्यागेल्याला सांगत राहिला, "ह्यानं मला तुरुंगातून वाचवलं." आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

परवा शालिनीवहिनींना भेटायला गेलो. चाळीतली सदाची तीच खोली, समोरासमोर दोन खिडक्या. दुपारी बोलता बोलता त्या उठल्या, एक खिडकी लावली, दुसरी उघडली. वारा कधी फिरतो, धूर कुठून आत येतो, हे सदानं त्यांना लग्न झाल्या झाल्या शिकवलं होतं. त्याची सगळी विद्या तेवढ्याच कामी आली.

"वहिनी, गिरण्या बंद पडल्यात. धूर कुठाय आता?"

"ठाऊक आहे हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही उघड्या ठेवा, असं काही ते सांगून गेले नाहीत."

मी खरं सांगायला गेलो होतो. न सांगताच जिना उतरलो. हे छापून येईल, तेव्हा त्या वाचतील.