गच्चीवरच्या तीन दीर्घिका

तीन दीर्घिका मी आयुष्यात एकदाच पाहिल्या, आणि अर्ध्या तासाने त्या रुमालाने पुसून टाकल्या.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड गोतावळा. सिंह राशीत, सिंहाच्या मागच्या पायापाशी, असे तीन गोतावळे अगदी शेजारी शेजारी आहेत. (आकाशात सिंहाचा पाय कुठला, हे मला विचारू नका. मी दोन वर्षं शोधून मग गृहीत धरला.) पण भांडुपचं आकाश रात्रीसुद्धा पातळ ताकासारखं असतं. माझ्या दुर्बिणीतून चंद्र दिसतो, शनीची कडी दिसतात, समोरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर कोण भांडतंय तेही दिसतं. दीर्घिका तेवढ्या कधी दिसल्या नव्हत्या.

अशात सोसायटीने गच्चीला कुलूप ठोकलं, कारण कोणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं टाकलं आणि आत कबुतर पडलं. किल्ली गेली सेक्रेटरी कांबळे मॅडमकडे. मॅडम सरकारी खात्यातून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे देवाने जरी येऊन "मी आहे" म्हटलं, तरी त्या आधी व्हाउचर मागतील. दिवसा पापड-कुरडया वाळवायला बायकांना किल्ली मिळायची. मी महिन्यातून एक, अमावास्येची संध्याकाळ मागितली.

"कशाला?" मॅडमनी विचारलं.

"सिंह राशीतल्या तीन दीर्घिका बघायला."

"दिसतात?"

"दिसतात ना," मी धडधडीत खोटं बोललो.

"मग सगळ्यांना दाखवा, रजिस्टरमध्ये सह्या घ्या. दिसल्या तर किल्ली तुमची."

घरी बायकोने, मेधाने, आणखी एक अट घातली. "अहो, किल्ली नाही मिळाली तर ही तोफ विकून टाकायची. वन रूम किचनमध्ये माणसं पाच आणि सहावी ही. मी दोन वर्षं तिच्यावर ओढण्या वाळत घालतेय." मी होकार दिला, पण रात्रभर मला झोप लागली नाही.

अमावास्येच्या दिवशी दुपारीच दुर्बीण गच्चीवर नेली. माझी आई तिथे उडदाचे पापड वाळवत बसली होती. "आई, जरा हिच्याकडे लक्ष ठेव," म्हणून मी खाली गेलो. आईने लक्ष ठेवलं. फार बारीक ठेवलं, हे मला नंतर कळलं.

साडेआठला अकरा सभासद गच्चीवर जमले. गच्चीचा दिवा बंद केला. सिंह बऱ्यापैकी डोक्यावर आला होता. मी अंदाजाने दुर्बीण रोखली, डोळा लावला. तीन! तीन फिकट, लांबट, धुरकट ठिपके, शेजारी शेजारी! दोन वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते पुसून मी रजिस्टरमध्ये पहिली सही ठोकली.

यशाने माणूस बडबडा होतो. एकेक जण डोळा लावत होता आणि मी शोधाचा इतिहास सांगत होतो. "अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एक माणूस धूमकेतू शोधायचा. एकदा तर एक धूमकेतू यातल्या दोन दीर्घिकांच्या बरोब्बर मधून गेला, तरी गड्याला त्या दिसल्या नाहीत!"

"असं कसं?" खजिनदार साळवी म्हणाले.

"धूमकेतूकडे बघत होता ना. पुढे काही वर्षांनी त्याच्या यादीत त्या दोन आल्या, पण शेजारची तिसरी राहिलीच. ती चार वर्षांनी इंग्लंडमधल्या एका संगीतशिक्षकाने शोधली."

"म्हणजे फ्रान्सवाल्याला दोनच, आणि आपल्याला तीन?" साळवींची छाती फुगली. "झकास. भांडुपने फ्रान्सला मागे टाकलं."

मग काय, सगळ्यांनाच चेव आला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना तर मधल्या दीर्घिकेत गणपती दिसला. सह्या भराभर पडत होत्या. शेवटी राहिल्या कांबळे मॅडम. त्या चष्मा काढून पुढे आल्या आणि जागा देण्याच्या गडबडीत साळवींच्या पोटाचा धक्का लागून दुर्बीण गर्रकन फिरली. अंधारात ते मला दिसलंच नाही. मॅडमनी डोळा लावला.

"हं. तीन आहेत," त्या म्हणाल्या.

मी मनातल्या मनात किल्ली खिशात घातली. तेवढ्यात मेधाने माझी बाही ओढली. "अहो," ती कुजबुजली, "दुर्बीण टाकीकडे आहे."

मी बघितलं. दुर्बिणीचं तोंड चार हातांवरच्या पाण्याच्या टाकीत खुपसल्यासारखं झालं होतं. सिंह वर, आम्ही खाली, आणि मॅडम टाकीतल्या तीन दीर्घिका तन्मयतेने बघत होत्या.

खरं सांगतो, गप्प बसावं असं वाटलं. सही झाली की किल्ली माझी. पण ऑडिटरला कुजबुजही ऐकू येते. "काय झालं?" मॅडमनी मान वर न करता विचारलं. मेधाने ते सांगून टाकलं. मॅडमनी दुर्बीण शांतपणे टॉवरकडे वळवली. तीन. जमिनीकडे. तीन. साळवींच्या पोटाकडे. तीनच!

"वाट लागली," साळवी म्हणाले आणि पोट आत घेतलं.

मी मोबाइलचा उजेड पाडला. डोळा लावायच्या भिंगावर बोटांचे तीन तेलकट, पिठाळ ठसे होते. मी रुमालाने पुसले. दुर्बीण परत सिंहाकडे नेली, डोळा लावला. नुसतं ताक.

"आई," मी कोपऱ्यात पापडांची पाटी घेऊन बसलेल्या आईला खचलेल्या आवाजात विचारलं, "तू ह्याला हात लावलास?"

"धूळ बसलेली, म्हणान पुसलंय," आई तिच्या मालवणीत म्हणाली. "तूच सांगितलंस ना लक्ष ठेव म्हणान? हात पापडाचो होतो, त्याका मी काय करू? आणि पुसलंय तर तुका दिसला तरी काय तां. दोन वर्सां नुसतो डोळो लावन बसलेलस."

अकरा माणसं सही केलेल्या रजिस्टरकडे बघत उभी होती. काकू म्हणाल्या, गणपती मात्र खराच होता. मी मान खाली घालून मॅडमना सांगून टाकलं, "मला याआधीही कधी दिसल्या नव्हत्या. किल्ली राहू दे. उद्या दुर्बीण विकतो."

मॅडमनी रजिस्टर मागवलं, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "विकू नका. किल्ली तुमच्याच घरात देतेय, पण आईंच्या नावावर. या दुर्बिणीतून आजवर कोणी काही दाखवलं असेल, तर त्यांनीच."

आईने किल्ली कनवटीला खोचली. अमावास्येची संध्याकाळ ती मला देते, पण त्याबदल्यात पापड वाळत असतील तेव्हा सुटीच्या दिवशी राखणीला बसायचं, असा करार आहे. त्यामुळे आता दर रविवारी भर उन्हात, हातात काठी घेऊन, मी तासन् तास आकाश निरखत असतो. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला जे शोधायचं ते अचूक दिसतं. कालच्या रविवारी सतरा कावळे पाहिले.