आगाशेंनी जेवणाला ‘उत्तम’ म्हटलं

‘‘बाकी सगळं ठीक. आणि शैलाताई, जेवण उत्तम आहे,’’ आगाशे फोनवर म्हणाले.

माझ्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. चार वाजून सहा मिनिटं. अशा प्रसंगी वेळ लगेच लिहून ठेवायची असते. पेन खाली होतं, म्हणून मी ती लिपस्टिकने लिहिली. हसू नका, पर्समध्ये तेच हाताला लागलं.

एका माणसाने जेवण चांगलं आहे म्हटलं तर त्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. सांगते.

मी ऑकलंडच्या एका इंजिनियरिंग कंपनीत ट्रॅव्हल डेस्कवर होते. कोणाला कुठे पाठवायचं असेल तर तिकीट, व्हिसा, राहायची सोय बघणारी बाई. शिक्षण म्हणाल तर जुनी अकरावी. न्यूझीलंडला आल्यावर आधी ओटाहुहूला एका डेअरीत उभी राहिले. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, आत दूध असो नाहीतर नुसती च्युइंगम. मग या कंपनीत रिसेप्शनला लागले. तिकिटांचा कॉम्प्युटर शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा मॅन्युअल घरी नेऊन पोथीसारखं रोज एक पान वाचलं आणि शिकले.

२००३च्या सुमाराला कंपनीला पूर्व तिमोरच्या दिली शहरात काम मिळालं. तिथे लढाई होऊन गेली होती. गल्लीच्या गल्ल्या जळलेल्या, पाण्याचे पाइप उखडलेले. ते पाइप आमच्या माणसांनी पुन्हा घालायचे होते. माझा बॉस ग्रॅहम म्हणाला, ‘‘शैला, तिकिटांबरोबर त्यांची सेफ्टीही तूच बघ.’’

‘‘मला त्यातलं काय कळतं?’’

‘‘तुला काळजी करता येते ना? बाकीचं शिकशील.’’

शिकले. युद्ध संपलं की शहर लगेच राहण्याजोगं होतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सैन्य निघून जातं, पण हे घर कोणाचं आणि ती जमीन कोणाची, याची भांडणं मागे राहतात. दिवे जातात. रस्ता काल होता तिथे आज नसतो. म्हणून खोली तळमजल्यावर घ्यायची नाही, चोर सहज शिरतो. फार वरही नाही, आग लागली तर उतरता येत नाही. जिने दोन हवेत. शेजारी सरकारी कचेरी नको, दगड आधी तिथेच पडतात. पासपोर्ट, पाणी, टॉर्च, औषधं भरलेली एक पिशवी कायम दाराशी तयार हवी.

मग मी एकेका गेस्ट हाउसला फोन लावला. एक मालक म्हणाला, ‘‘मॅडम, खोलीतून समुद्र दिसतो.’’ मी विचारलं, ‘‘खिडकी केवढी आहे?’’ तर म्हणतो, ‘‘खिडकी नाही मॅडम, त्या बाजूला भिंतच नाही.’’ शेवटी डोना रोझा नावाच्या बाईंचं दुमजली घर सापडलं. चार भिंती, दोन जिने, शेजारी शाळा. आमची माणसं तिथे उतरली.

रोज त्यांच्या दुपारी एक वाजता, म्हणजे आमच्या चारला, टीमच्या प्रमुखाने मला फोन करायचा. याला चेक-इन कॉल म्हणतात. आणि प्रत्येकाचा एक ड्युरेस वर्ड ठरलेला. म्हणजे संकटाचा गुप्त शब्द. समजा कोणी तुम्हाला धरून ठेवलंय आणि म्हणतंय, ‘फोन कर, सगळं ठीक आहे म्हणून सांग’, तर बोलता बोलता तो शब्द पेरायचा. समोरच्याला कळत नाही, आम्हाला कळतं. हा शब्द बोलण्यात सहज बसला पाहिजे, पण तो माणूस एरवी तो कधी उच्चारणारा नको. आमचा एक इंजिनियर म्हणायचा, ‘‘कुत्र्याला खायला घाला.’’ त्याच्याकडे कुत्रा नव्हता.

सुधीर आगाशे त्या टीमचे प्रमुख. आमच्या हॅमिल्टन ऑफिसचे, राहायला तिथेच रोटोटुनाला. माणूस सज्जन, हुशार, शुद्ध शाकाहारी आणि पुण्याचा. तारीफ करणं हा त्यांच्या लेखी अशक्तपणा. गणपतीला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. त्यांच्या बायकोने, मंजिरीने, एकवीस मोदक हाताने वळलेले. आगाशेंनी चार खाल्ले आणि म्हणाले, ‘‘गूळ किंचित कमी चालला असता.’’ ‘चालेल’ ही त्यांची सगळ्यात वरची पदवी.

त्याच जेवणावर मी फॉर्म काढला. ‘‘आगाशे, तुमचा गुप्त शब्द राहिलाय.’’

ते विचार करत होते, तेवढ्यात मंजिरी ताक वाढता वाढता म्हणाली, ‘‘शैलाताई, ‘जेवण उत्तम आहे’ असं लिहा. ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं की खुशाल समजा, कोणीतरी डोक्याला बंदूक लावली आहे.’’

आम्ही सगळे खूप हसलो. आगाशेसुद्धा. ‘‘लिहा,’’ म्हणाले, ‘‘वापरायची वेळ येणार नाही.’’ आणि मी लिहिलं! सरकारी दिसणाऱ्या फॉर्मवर, काळ्या शाईने.

आता फोनवर परत येते.

नियम असा की आवाजात फरक दाखवायचा नाही. मी अगदी गोड आवाजात विचारलं, ‘‘अरे वा. टीम बरोबर आहे ना?’’

‘‘सगळे इथेच अडकलोय हो. कोणी उठूच देत नाही.’’

‘‘कोण उठू देत नाही?’’

‘‘चार जणी समोर उभ्या आहेत. आम्ही नको नको म्हणतोय, कोणी ऐकत नाही.’’

मी ‘चार जण’ ऐकलं. लाइन खरखरत होती.

‘‘तुम्ही एकटे बोलू शकता का?’’

‘‘छे! फोन माझ्या हातातच नाही. दुसऱ्याने माझ्या कानाशी धरलाय.’’

मागे काहीतरी धाडकन आपटल्याचा आवाज आला आणि लोक ओरडले. शेवटी एक खात्रीचा प्रश्न विचारायचा असतो. मी विचारलं, ‘‘मंजिरीला काय सांगू?’’

‘‘तिला सांगा, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही.’’

आणि फोन कट.

ग्रॅहमच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले. ‘‘आगाशेने कोड वापरला. दोनदा.’’

ग्रॅहमने हातातलं सँडविच खाली ठेवलं. ‘‘दोनदा? चुकून तर नाही?’’

‘‘तू ओळखतोस ना त्याला? गेल्या ख्रिसमसला तुझ्या बायकोच्या पाव्हलोव्हाला काय म्हणाला?’’

पाव्हलोव्हा म्हणजे इथला अंड्याच्या फेसाचा केक. आगाशेंनी तो खाल्ला नव्हता. नुसता बघून ‘‘स्ट्रक्चरली वीक आहे’’ म्हणाले होते.

ग्रॅहम उठूनच उभा राहिला. ‘‘हे बघ, खरं निघालं तर आज संध्याकाळच्या आत सगळ्यांना ऑस्ट्रेलियात, डार्विनला हलवायचं आणि काम बंद. खोटं निघालं तर क्लायंटसमोर आपण जोकर. तू काय म्हणतेस?’’

‘‘नियम म्हणतो, विचार करत बसायचं नाही.’’

‘‘मग फोन लाव.’’

दिलीमध्ये आमचा सिक्युरिटीचा माणूस होता, हेमी. न्यूझीलंडच्या आर्मीतून निवृत्त झालेला, दाराच्या चौकटीएवढा.

‘‘किया ओरा, आँटी!’’ तो म्हणाला. हा माओरी नमस्कार.

‘‘हेमी, डोना रोझाच्या घरी जा. आगाशेने कोड दिलाय. चार माणसं आहेत, उठू देत नाहीत.’’

त्याच्या आवाजातलं हसू गेलं. ‘‘वीस मिनिटं,’’ म्हणाला.

वीस मिनिटं काय करायचं? नियमाप्रमाणे खात्री होईपर्यंत घरच्यांना कळवायचं नसतं. पण माझं मन ऐकेना. हा माणूस खरंच कधी जेवणाची तारीफ करतो का, एवढं एक मला हवं होतं. मी रोटोटुनाला फोन लावला. त्यांच्या मुलीने, ईशाने, उचलला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

‘‘आई आहे का गं?’’

‘‘आई! इट्स शैला आँटी. शी साउंड्स हीप्स स्ट्रेस्ड.’’

हीप्स म्हणजे इथल्या पोरांचं ‘खूप’. झालं माझं नाटक.

मंजिरी आली. मी म्हटलं, ‘‘अगं, सहज विचारते. सुधीरने तुझ्या कुठल्या पदार्थाला कधी उत्तम म्हटलंय का?’’

‘‘एकदा. लग्नाच्या पहिल्या वर्षी, पेज केली होती. तेव्हा एकशेतीन ताप होता त्याला.’’ ती हसली. मग तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. ‘‘ताई. त्याने ते वाक्य म्हटलं का?’’

‘‘अगं...’’ एवढंच मी म्हटलं. तेच उत्तर झालं.

‘‘मी गंमत म्हणून सुचवलं होतं हो,’’ ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. ‘‘माझंच वाक्य. तो काय विचार करत असेल तिथे, बंदुकीसमोर, माझं वाक्य म्हणताना?’’

‘‘मंजिरी, आपला माणूस तिकडे निघालाय. पोचेलच.’’

‘‘फोन ठेवू नका.’’

मी ठेवला नाही. तिच्याकडे डिशवॉशर चालू होता, तो मी ऐकत बसले. एवढ्या वर्षांत हजार तिकिटं काढली असतील, पण माझ्या टेबलावर कोणाचा जीव आहे हे तेवढ्या वेळात मला पहिल्यांदा कळलं.

दुसरा फोन वाजला. हेमी.

‘‘आँटी, तो जिवंत आहे.’’

‘‘आणि?’’

‘‘चौथ्यांदा वाढून घेतोय. मला म्हणतो, बस. मी बसलोय.’’

झालं होतं असं. डोना रोझाचं स्वयंपाकघर लढाईत जळालं होतं. ते नव्याने बांधलेलं. त्या सकाळी आमच्या लोकांनी तिथे नळ जोडला आणि कित्येक वर्षांनी घरात पाणी आलं. म्हणून बाई, त्यांच्या दोन सुना आणि बहीण, अशा चौघींनी मिळून टीमला जेवायला बसवलं. पुन्हा पुन्हा वाढत होत्या, नको म्हटलं तरी ऐकत नव्हत्या. म्हणजे आपल्यासारखा आग्रह. आगाशे हाताने जेवत होते, हात बरबटलेले, म्हणून एका सुनेने फोन त्यांच्या कानाशी धरला. आणि तो धाडकन आवाज? पातेल्याचं झाकण.

मी मंजिरीला सांगितलं. ती रडली. पाचेक सेकंद. मग नाक पुसल्याचा आवाज आला आणि प्रश्न.

‘‘काय जेवला?’’

‘‘मका, मूग आणि भोपळा. एकत्र शिजवून. तिथला नेहमीचा पदार्थ आहे म्हणे.’’

‘‘भोपळा?’’

‘‘हो.’’

‘‘ताई, मी भोपळा केला तर हा ताटातल्या ताटात बाजूला सारतो. बावीस वर्षं. येऊ दे घरी.’’

इथवर हसून सांगितलं. आता एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही सांगते. हेमीच्या दोन गाड्या त्या दारासमोर करकचून थांबल्या तेव्हा गल्लीतली दारं-खिडक्या फटाफट बंद झाली. डोना रोझाचा नवरा, म्हातारा माणूस, टेबलाखाली गेला. अशा गाड्या त्यांच्या दाराशी लढाईच्या दिवसांत थांबल्या होत्या. आमच्या गमतीच्या वाक्याने त्यांना ते सगळं परत आठवलं. मी बाईंना माफीचं पत्र लिहिलं, हेमीने ते कोणाला तरी त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला लावलं. उत्तर आलं, पुढच्या वेळी गाड्या येणार असतील तर आधी कळवा, तेवढं जास्त शिजवू.

आगाशे परत आल्यावर मी त्यांना टेबलासमोर बसवलं. ‘‘अहो, कोड विसरलात कसे?’’

‘‘विसरलो नव्हतो. म्हणजे, बोलून झाल्यावर आठवलं.’’ चष्मा पुसत बसले. ‘‘त्या बाई समोर उभ्या होत्या, शैलाताई. नव्या चुलीवरचा पहिला स्वयंपाक. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे ‘चालेल’ म्हणवेना. मग तुम्हाला फोन लागला तेव्हा तेच तोंडात होतं.’’

‘‘आणि मंजिरी?’’

‘‘तिला मी त्याच रात्री फोनवर सांगितलं, तुझे मोदकही उत्तम होते.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणाली, खरं सांग, कोणी धरलंय का तुला.’’

मी फॉर्म बदलला. त्यात एक ओळ वाढवली: हे वाक्य कधी खरं ठरू शकतं का? ज्याला ‘हो’ असेल ते बाद. कोड गमतीत ठरवायचा नाही, आणि चांगुलपणाने बोलायचा एखादा शब्द माणसाकडून काढून तर मुळीच घ्यायचा नाही.

पुढे काही वर्षांनी एका खेपेला एक तरुण इंजिनियर मुलगी निघाली होती. फॉर्म भरताना थांबली. म्हणाली, ‘‘पण मी घाबरून उगाचच कोड वापरला, आणि काहीच नसलं तर? माझं किती हसं होईल.’’

‘‘होईल,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या फायलीत अशी बरीच नावं आहेत. त्यातलं एकेक माणूस धड घरी परत आलंय.’’

तिने सही केली.