आक्काची विमानातली जागा

आक्काला तिचं वजन विचारायची माझी छाती कधी झाली नसती, पण विमानवाल्यांना ते लागणार होतं. बारा जणांचं छोटं विमान, जंगलातल्या गवताच्या पट्टीवर उतरणारं. कोणी कुठं बसायचं ते वैमानिक वजनं बघून ठरवतो. म्हणून माणसाचं वजन, बॅगेचं वजन, सगळं आधी लिहून पाठवावं लागतं. पाहुण्यांसाठी हा कागद भरलेला मी अकरा वर्षं बघत आलोय. घरच्यांसाठी भरायची वेळ आली तेव्हा मात्र पेन हातात धरवेना.

मी केनियातल्या एका कॅम्पवर स्वयंपाकी आहे. कॅम्प म्हणजे रानात नदीकाठी मांडलेले दहा-बारा मोठे तंबू, आत पलंग, मागं न्हाणीघर, पुढं बसायला ओटा. माणसं हत्ती-सिंह बघायला येतात, आणि ज्यांना डाळभात लागतो त्यांच्यासाठी मी आहे.

तिथवर मी पोचलो तो आक्कामुळं. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. नऊ वर्षांनी मोठ्या आक्कानं मला तिच्या सासरी, बोरगावला आणलं. नववीत मी शाळा सोडली. दाजी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते, अजून आहेत. घरातली थोरली माणसं म्हणाली, पोराला वखारीतच घाला. आक्का तेव्हा थोरल्यांपुढं मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी तेवढं बोलली, की ह्याच्या हाताला चव हाय, ह्याला चुलीजवळ राहू द्या. चार महिने तिनं मला शिजवायला शिकवलं. मग बेळगावला एक खानावळ, मग गोव्याचं हॉटेल, आणि तिथं जेवून गेलेल्या एका पाहुण्याच्या ओळखीनं हा कॅम्प. कुणी माझ्या आमटीला नावाजलं की मी हसून थँक्यू म्हणतो. ते थँक्यू पुढं बोरगावला पोचवायचं राहून गेलं होतं.

पाऊस सरताना कॅम्पवर गर्दी कमी असते. त्या दिवसांत मालकीणबाई जुन्या कामगारांपैकी एकाला घरची माणसं आणायला सांगतात. चार रात्री, पाहुण्यांच्या तंबूत, पाहुण्यांसारखं. यंदा माझी पाळी आली. मी फोनवर आक्काला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, खुळा हायस. मग म्हणाली, म्हशी कोण बघणार. आणि आठ दिवसांनी तिचाच फोन आला, की पासपोर्टला फोटो डोक्यावर पदर घेऊन चालतो का.

मी सुट्टी घेऊन बोरगावला आलो तेव्हा पासपोर्ट झाले होते, गोव्याला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती. म्हशी जावेच्या गोठ्यात बांधायचं ठरलं होतं. दाजी, आक्का आणि माझी भाची अशी तिघं. भाची बेळगावला अनगोळात खोली घेऊन शिकते, ती शनिवारी-रविवारी यायची आणि आल्या आल्या मोबाईलवर मला सिंहाचे व्हिडिओ दाखवायची, जसं काही मीच पहिल्यांदा निघालोय. मलाही तसंच वाटत होतं. सकाळी उठलं की मी दिवस मोजायचो. कधी आनंदानं, कधी भीतीनं, नीट कळायचं नाही.

भीती अशी की यांना आवडलं नाही तर?

आमच्याकडं सहल म्हटली की टेम्पो ट्रॅव्हलर. पहाटे निघायचं, दोन दिवसांत सात देव करायचे, मधे एक धबधबा, एक बाग, आणि धार काढायच्या वेळेला घरात. जितकी ठिकाणं तितकी सहल भारी. मी बाकीच्यांना सांगायला लागलो की मोटारीतले सात-आठ तासांचे धक्के नकोत म्हणून आपण विमानानं थेट रानात उतरायचं, चारही रात्री एकाच तंबूत राहायचं, रोज सामान बांधायचं नाही, वाटलं तर सकाळी जीपमधून हिंडायला जायचं, नाही वाटलं तर नाही. दाजींचे भाऊ ऐकून म्हणाले, चार दिवस एकाच जाग्याला? मग बघायचं काय? शेजारचे आप्पा म्हणाले, एवढ्या लांब जाऊन समुद्रसुद्धा न्हाय बघणार? ते एकदा म्हणाले आणि मी तीन दिवस तेच घोळवत राहिलो.

कॅम्पवर मला कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. तिथं मी रोज बघतो, दोन-दोन गाड्या बदलत पळणारे पाहुणे दमून परत जातात आणि एका जागी बसलेले परत येतात. पण आपलं माणूस न्यायचं म्हटल्यावर सगळी अक्कल बोरगावच्या वेशीवर राहिली. मी वही घेतली आणि चार दिवसांचं वेळापत्रक लिहून काढलं. पाचला उठणं. सव्वापाचला चहा. साडेपाचला जीप. नऊला झाडाखाली नाष्टा. अकराला पाणघोडे. मग जेवण, मग तिथल्या मसाई लोकांचा पाडा, मग पुन्हा जीप, मग टेकडीवरनं सूर्यास्त. रिकामी ओळ दिसली की तिथं मी पक्षी लिहायचो. कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

भाचीनं वाचलं आणि म्हणाली, "मामा, शाळेत टाईमटेबल पाळलं न्हाईस म्हणून आता आमच्यावर काढतोस व्हय?"

सगळे हसले. आक्का हसली नाही. पीठ मळता मळता कागदाकडं बघत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, वाचताना ओठ हलतात. मी तिकडं लक्षच दिलं नाही, कारण दाजी वजनाची चिठ्ठी घेऊन आले होते.

वजनं वखारीत करायची ठरली होती. घरच्या काट्यावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि दाजींच्या हातातला काटा म्हणजे सगळ्या गल्लीत शेवटचा शब्द. आक्का आधी म्हणाली होती, मी काय पोतं हाय? मग रविवारी वखार बंद असताना, शटर अर्धं ओढून, तिघांची वजनं झाली. चिठ्ठीवर सुरेख आकडे. दाजी एकाहत्तर, आक्का बासष्ट, भाची पन्नास. मी ते तसेच कॅम्पवर पाठवून दिले आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

चार दिवसांनी बॅगा भरत होतो. चाकाची सुटकेस छोट्या विमानाच्या पोटात बसत नाही, मऊ पिशवी लागते, म्हणून आक्कानं जाड कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या होत्या. माणशी पंधरा किलो, हातातलं धरून. मी पिशवी उचलून अंदाज घेत होतो तेव्हा दाजी अगदी खुशीत म्हणाले, "काळजी करू नका पावणं. मी आधीच दोन-दोन किलो बारदान वजा करून लिवलंय."

वखारीत पोतं काट्यावर चढलं की मालाचं वजन लिहिताना पोत्याचं वजन काढून टाकतात. बारदान म्हणजे ते रिकामं पोतं. दाजींनी तीस वर्षांच्या सवयीनं तिघांचेही कपडे आणि चपला वजा केल्या होत्या. बायकोचं लुगडं जड म्हणून तिचे तीन किलो.

म्हणजे कॅम्पवर पाठवलेले तिन्ही आकडे कमी होते. दाजींना काय चुकलं ते कळेना. ते म्हणाले, अवो, माणूस तेवढाच की, कापडं म्हंजे काय माणूस न्हवं. मी म्हणालो, दाजी, विमानात कापडं काढून बसायचं न्हाय. भाची हसून हसून चौकटीला टेकली. मी अंगणात जाऊन कॅम्पवर फोन लावला. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, घाबरू नकोस, उद्या सकाळी जागा पक्क्या होणार आहेत, आज संध्याकाळपर्यंत चपला, कपडे आणि बॅगेसकट वजनं पाठव. आणि कोण कोण येणार ती नावंही पुन्हा एकदा.

मी आत येऊन सांगितलं, की चला, पुन्हा वखारीत जायचंय, पिशव्या घेऊन.

दाजी उठले. भाची उठली. आक्का चुलीपुढनं उठली नाही. म्हणाली, "दोघांनाच न्यावा. मी न्हाय येत."

मला वाटलं वजन करायला येत नाही. मी म्हणालो, आक्का, ते दाजींनी वजा केलेलं फक्त मिळवून चालत न्हाय, पिशवी घेऊन उभं राहावं लागतं.

"विमानाला न्हाय येत म्हणते मी. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. शेजारच्या आप्पांना समुद्र बघायचाय, त्यांना न्हे."

दाजींनी मला डोळ्यानं खुणावलं, की तूच बघ. मी खाली बसलो. मला एवढंच सुचलं की काय चुकलं माझं. म्हशींचं, तिच्या सासूबाईंच्या गोळ्यांचं, सगळं ठरलंय म्हणून सांगत राहिलो. उड्डाणाची भीती वाटते का विचारलं. विमान दिसतं तेवढं हलत न्हाय, मी शंभरदा बसलोय, असं खोटंच सांगितलं. त्या छोट्या विमानात मी सातदा बसलोय आणि सातही वेळा डोळे मिटून.

आक्कानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि दाराकडं बोट केलं. "त्यात पाचला उठायचं लिवलंयस."

"जनावरं सकाळचीच दिसत्यात, आक्का."

"मी हितं पाचला उठते. लग्न झाल्यापास्नं उठते. चहा करते तर पहिला घोट घेईस्तोवर कुणीतरी हाक मारतंय. तू ल्हान हुतास तवा तूबी मारायचास. मला वाटलं तिथं तरी एक दिवस चहा बसून प्यायला मिळंल. कुणी हाक न मारता. तर तू सव्वापाचला चहा आणि साडेपाचला जीप लिवलंयस."

ती रागावून बोलत नव्हती. भाकरी उलटत, आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगत होती. मी दाराकडं बघितलं. चार दिवस, सकाळ ते संध्याकाळ, एकही ओळ रिकामी नाही. हा कागद मी कुणासाठी लिहिला होता? दाजींच्या भावासाठी, शेजारच्या आप्पांसाठी, परत आल्यावर काय काय बघितलं म्हणून विचारणाऱ्या सगळ्या गल्लीसाठी. आक्काला मी विचारलंच नव्हतं. तिचं वजन विचारायला घाबरत बसलो, आणि तिला काय पायजे ते विचारायचं राहिलं.

मी उठलो, कागद दारावरनं काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो बघितला, दुमडला आणि चुलीत घातला. वहीच्या नव्या पानावर मी विमानाच्या दोन वेळा लिहिल्या, जायची आणि यायची. बाकी पान कोरं. भाची म्हणाली, मामा, सिंह तरी लिही. मी म्हणालो, सिंह स्वतःच्या मनानं येतील.

वखारीत दिवसाउजेडी, शटर पूर्ण वर, तंबाखू निवडणाऱ्या दहा बायका बघत असताना, आक्का चपला घालून, पदर खोचून, पिशवी खांद्याला लावून काट्यावर चढली. बायकांतली एक म्हणाली, काय आक्का, कुठल्या व्यापाऱ्यानं घेतला माल? आक्का म्हणाली, आफ्रिकंच्या. आणि दाजी पेन उघडत होते त्यांच्याकडं वळून म्हणाली, "लिवा. बारदानासकट लिवा."

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर दाजी दर दहा मिनिटांनी पासपोर्ट चाचपत होते, मी दर पाच. मोठ्या विमानात आक्का झोपली. छोट्या विमानात वैमानिकानं वजनं बघून तिला बरोबर मधल्या खिडकीशी बसवलं. खाली गवत जवळ आलं, जिराफांच्या माना दिसायला लागल्या, तशी तिनं माझा हात धरला. मी डोळे मिटलेत हे तिला तेव्हा कळलं. शंभरदा व्हय रं, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या सवयीनं स्वयंपाकाच्या तंबूत गेलो आणि चहा टाकला, आलं ठेचून, बोरगावसारखा. दाजी आणि भाची जीपमधून गेले होते. आक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन. पुढं रानडुकरांसारखी जनावरं पुढचे गुडघे टेकून चरत होती. कप हातात घेत ती म्हणाली, शेतातलं तण भांगलायला बसल्यागत बसल्यात बघ.

मी परत फिरलो तोच जीपमधल्या वाटाड्याचा फोन आला. कॅम्पजवळच्या वळणावरच्या झाडावर बिबट्या, बछड्यासह. कुणाला यायचं असेल तर सांगा, दोन मिनिटांत जीप न्यायला येते. अकरा वर्षांत मी बछड्यासह बिबट्या तीनदा बघितलाय. मी पळतच ओट्याच्या पायरीपाशी पोचलो. हाक तोंडात आली होती.

आक्का कप दोन्ही हातात धरून समोर बघत होती. निम्मा झाला होता.

मी पायरीवर उभा राहिलो. फोन खिशात टाकला. थोड्या वेळानं तिनंच मान वळवली. "काय रं?"

"काय न्हाय. अजून आणू?"

"आण की," ती म्हणाली. "आणि तुझाबी घेऊन ये."