चौथं शील

रोज संध्याकाळी दिवा लागला की आमच्या घरी वंदना होत असे. आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्या गर्दीत गेलो होतो, असं आई सांगायची. पुढे वडील गेले, मग आईही. घरात उरलो आम्ही तिघं: थोरला भाऊ, वहिनी आणि मी. मॅट्रिक झाल्यापासून वंदनेला पुढे मी बसायचो. मी एकेक शील म्हणायचो, माझ्यामागून ती दोघं.

पहिली चार शीलं दादा खणखणीत म्हणायचा. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की त्याचा आवाज बंद व्हायचा. तोंडदेखलं म्हणून टाकणं त्याला जमत नसे. नेमक्या त्या ओळीला वहिनी आवाज चढवायची आणि दोघांच्या वाटचं एकटीच म्हणायची. मला पाठमोरा बसूनही सगळं कळायचं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. सातवीतून शाळा सोडून ज्यानं मला कॉलेजात घातलं, त्याच्या तोंडाला वास येतो हे मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

दादा हिंगण्याच्या एका कारखान्याची बस चालवायचा, पाळीच्या कामगारांना आणायचा आणि सोडायचा. बसवर असताना त्यानं कधी घेतली नाही. घ्यायचा तो रविवारी दुपारी.

मी बी.ए. झाल्याचा निकाल नेमका रविवारच्या पेपरात आला. दादानं माझ्या नंबराखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो पेपर गल्लीभर दाखवून आणला. दुपारी मटणाचं जेवण झालं. नंतर तो दोन-तीन मित्रांबरोबर घरामागे बसला. चारच्या सुमारास उठून आला, म्हणाला, वहिनीला घेऊन तिच्या माहेरी खापरखेड्याला पेढे देऊन येतो. मी अंगणात त्याची मोटारसायकल पुसत होतो. चाबी माझ्या खिशात होती.

"दे गा चाबी."

वास आला. मी हात खिशातच ठेवला. "दादा, वहिनीले बसनं जाऊ दे ना. मी जातो सोबत."

"काहून? बी.ए. झाला त आता मलेच गाडी शिकवतं काय?"

मित्र हसले. एक जण म्हणाला, "साहेबाले विचारल्याबिगर आता काही करू नोको गा."

वहिनी पेढ्यांची पिशवी घेऊन बाहेर आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "राहू द्या भाऊजी. हळूच नेतील ते."

मीही हसलो आणि चाबी दिली.

खापरखेड्याच्या रस्त्यावर, वळणाच्या पुढे, कडब्यानं भरलेली एक बैलगाडी कडेला उभी होती. गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. दादाची मोटारसायकल सरळ गाडीच्या मागच्या बाजूवर गेली. दादाच्या कपाळाला खोक पडली. वहिनीचा उजवा पाय गाडीच्या चाकात अडकला. त्या गाडीवानानंच तो सोडवला, डोक्याचं मुंडासं फाडून बांधलं आणि रस्त्यात आडवा उभा राहून एक ट्रक थांबवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वहिनीचा पाय गुडघ्याखाली कापला.

दादाला कोणी नीट तपासलंच नव्हतं. पट्टी बांधून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. जबाब घ्यायला हवालदार आला, त्याच्या आधी वहिनीनं मला खाटेजवळ बोलावलं.

"लायसन गेलं त त्यायची नोकरी गेली, भाऊजी. पाय त गेलाच हाय. आता त्यायले तरी वाया नोका जाऊ देऊ."

हवालदार वयस्कर होता. त्यानं मला खुर्ची दिली. माझ्या घराण्यात पोलिसानं खुर्ची दिलेला मी पहिलाच असेन.

"तुम्ही शिकलेले आहात, म्हणून तुमचाच जबाब धरतो. घरून निघाला तवा तुमचा भाऊ पिऊन होता काय?"

"नाही," मी म्हणालो. त्यानं नुसतं पाहिलं, म्हणून मी पुढे म्हणालो, "आमच्या घरी कोणी पीत नाही. आम्ही पंचशील पाळतो."

त्यानं लिहून घेतलं. "सहीपुढं डिग्री टाका," म्हणाला. माझ्या नावापुढे बी.ए. ही अक्षरं मी पहिल्यांदा लिहिली ती त्या कागदावर.

दादा प्यायलेला नव्हता म्हटल्यावर दोष कोणाचा तरी असायला हवाच होता. गाडीवानावर खटला झाला: बैलगाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली. दवाखान्यात तो चौकशीला येऊन गेला होता, म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं मला ओळखलं, हात जोडले आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

"वहिनीबाई कशा हायेत?"

"बऱ्या आहेत."

"मले वाचता येत नाही, बाबू. यात काय लिवलं हाय, तेवढं वाचून दाखवा ना."

मी वाचून दाखवलं. सगळं, 'मधोमध' या शब्दासकट.

"पर गाडी त कडेलेच होती," तो हळू आवाजात म्हणाला. "आन तुमच्या भावाले मी उचललं. वास येऊन राहिला होता. कोणी लिवलं नाही काय ते?"

"नाही," मी म्हणालो. मग त्याचा कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून त्याच्या हातात दिला. दंड झाला तो त्याला झाला.

दादाचं लायसन राहिलं, नोकरी राहिली. त्या दिवसानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. वहिनी कुबडी घेऊन चालायला शिकली आणि चुलीजवळ स्टूल ठेवून स्वयंपाक करू लागली. मला सरकारी कचेरीत जागा मिळाली. माझ्या अंगावर चांगले कपडे आले ते त्या दोघांमुळे, हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

वंदनेला पुढे बसणं मात्र मी सोडलं. घसा धरतो, असं सांगितलं. कोणी जास्त विचारलं नाही. आता वहिनी पुढे बसते, कापलेला पाय पाटावर ठेवून. दादा पाचवं शील मोठ्यानं म्हणतो. त्याच्या आधीचं, खोटं न बोलण्याचं, आलं की माझा आवाज बंद होतो, आणि वहिनी मागे न पाहता आपला आवाज चढवते.