दवंडी मावशी आणि तीन नकाशे

माझ्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तेही तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलंय. काकांनी तिला लग्नाचं विचारलं, त्याच्या आदल्या दिवशी तिने आपला होकार शेजारच्या चार घरी कळवला होता. बिचारे काका नवा शर्ट घालून विचारायला आले, तर जिन्यातच लोकांनी त्यांचं अभिनंदन करायला सुरुवात केली.

खगोलशास्त्राच्या ज्या संस्थेत मी नोकरी करतो, तिथल्या तळघरातलं स्टोअर ती एकोणतीस वर्षं सांभाळते आहे. बल्ब, खुर्च्यांची चाकं, प्रिंटरची शाई, झाडू, काही म्हणून तिच्या सहीशिवाय हलत नाही. एका प्राध्यापकांना निरोपाच्या दिवशी गुपचूप घड्याळ द्यायचं ठरलं, तेव्हा हिने सरळ जाऊन त्यांनाच विचारलं, पट्टा चामड्याचा आवडेल की स्टीलचा? तेव्हापासून तिचं नाव पडलं दवंडी. फोन उचलूनही ती खुशाल ‘दवंडी बोलतेय’ म्हणते. एकदा मात्र स्टोअरमध्ये चाकं मोजता मोजता मला म्हणाली, “अरे, कुणीतरी एकदा तरी माझ्यावर भरवसा ठेवून काहीतरी सोपवावं असं फार वाटतं रे.” मी हसलो. हसायला नको होतं.

मी तिच्याच घरी राहतो. शिकायला म्हणून दोन वर्षांसाठी आलो आणि नोकरी लागली तरी हललो नाही. काका शिंपी आहेत, पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. मागच्या खोलीत मी आणि माझ्या दीर्घिका.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट गोतावळे. आमच्या गटाकडे अशा अकरा लाख दीर्घिकांचा नकाशा आहे. आमचं काम ऐकायला अगदीच बावळट वाटतं. आम्ही जोड्या मोजतो. कुठल्याही दोन दीर्घिका घ्यायच्या, त्यांच्यातलं अंतर काढायचं, आणि अशा सगळ्या जोड्यांमध्ये कुठल्या अंतराच्या जोड्या किती, ते मांडायचं. मग तेवढेच ठिपके संगणकाकडून कसेही विखरून घ्यायचे, त्यांच्याही जोड्या मोजायच्या, आणि खऱ्या दीर्घिका त्या ठिपक्यांपेक्षा कुठे जास्त गर्दी करतात ते बघायचं. साधारण पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरापाशी जोड्या जराशा जास्त भरतात. आलेखात तिथे एक छोटासा उंचवटा येतो. तो नेमका कुठे आहे, यावरून विश्व कसं पसरत गेलं ते कळतं. या उंचवट्यावर अकरा माणसांची पाच वर्षं गेली होती, आणि त्यांतला एक मी.

आता गंमत अशी, की माणसाला जे उत्तर हवं असतं ते त्याला दिसायला लागतं. पेपर तपासणाऱ्याला मुलाचं नाव कळलं की हात सैल होतो ना, तसंच. म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं की नकाशे तीन करायचे, त्यांना आकडे द्यायचे एक, दोन, तीन. एक खरा. बाकी दोन्हींत अंतरं थोडी थोडी ताणलेली. तिन्हींवर सगळं काम पुरं करायचं आणि मगच खरा कोणता ते उघड करायचं. त्याआधी गटातल्या एकालाही खऱ्या नकाशाचा आकडा कळला, तर निकाल छापायचा नाही. सगळं पहिल्यापासून.

तो आकडा कुणाला तरी माहीत असणं भाग होतं, कारण दर महिन्याला नवीन मोजमापं यायची आणि ती भरताना संगणक आकडा विचारायचा. गटाबाहेरचं, पण रोज हजर असणारं माणूस हवं होतं. मॅडमनी भर बैठकीत मावशीचं नाव घेतलं.

मी ताडकन उठलो. “मॅडम, दुसरं कुणीही चालेल. वॉचमन चालेल. पण मावशी नको. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि मी तिच्या घरात राहतो!”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “गप्प माणूस फोडतो तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. मावशींनी फोडलं तर पाच मिनिटांत सगळ्या इमारतीला कळेल. मला असंच माणूस हवं.”

मावशी दारात उभी होती. माझं वाक्यही तिने ऐकलं होतं. ती पुढे आली. बाहेरच्या संस्थेने आकडा लिहून पाठवलेलं बंद पाकीट घेतलं, तळघरात जाऊन उघडलं, वाचलं, परत चिकटवलं, स्टोअरच्या कपाटात ठेवून किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

त्या संध्याकाळी घरी चहा झाला. काकांच्या कपात तीन चमचे साखर, डॉक्टर ओरडतात तरी. स्वतःच्या कपात एक. मग माझ्या कपावर मावशीचा चमचा अडला. गाळणीतून वाफ येत होती आणि ती नुसती बघत होती. शेवटी तिने चार चमचे घातले. एकामागून एक, डोळे मिटून औषध घ्यावं तसे.

“मावशी, एवढी?”

“अंगी लागेल. पी.”

मी मनात म्हटलं, वा, शहाणी आहे. एक, दोन, तीन या आकड्यांशी संबंधच नको म्हणून थेट चारवर गेली. तेव्हापासून रोज चार. पाकच तो, चहा कसला. पण विश्वाच्या हितासाठी मी तो पीत राहिलो.

त्याच आठवड्यात आणखी एक खूळ सुरू झालं. रोज सातच्या सुमाराला स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज यायचा. जाऊन बघावं तर भांडं रिकामं आणि मावशी मिक्सरवर वाकून उभी. “काय करतेयस?” “साफ करतेय.” मिक्सर दोनदा जळला. दुरुस्तीवाल्याने विचारलं, ताई, यात दगड वाटता का? काका म्हणाले, ही आता कामातून गेली.

एका रविवारी तिने मला धरलं. “तुझे ते कसेही विखुरलेले ठिपके म्हणजे काय ते नीट सांग.” मी काकांची बटणांची बरणी आणली आणि तिला म्हटलं, ही फरशीवर कशीही टाक, अगदी मनाला येईल तशी. तिने चाळीस बटणं मांडली. जवळजवळ प्रत्येक फरशीवर एक, फार तर दोन. मी म्हटलं, “हे बघ, माणूस मुद्दाम विस्कटायला गेला की फार सारखं विस्कटतो. लगेच पकडला जातो.” मग मी मूठ भरून उधळली. एका फरशीवर सात, शेजारच्या तीन कोऱ्या, कोपऱ्यात पाचांचं टोळकं. “खरं विस्कटलेलं असं असतं. यातही ढीग पडतात. म्हणून ढीग दिसला की लगेच त्याचा अर्थ लावायचा नाही.”

मावशीने वाकून एकेका फरशीवरची बटणं मोजली. “म्हणजे स्वतःच्या मनाने विस्कटायचं नाही,” ती म्हणाली. मला वाटलं, हिला शास्त्र कळलं. धन्य झालो.

आता माझं पाप सांगतो. मावशी काही लपवत असली की चष्मा पुसते. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. दोनेक महिन्यांत माझ्या लक्षात आलं की कुणी आकडा बोललं की तिचा चष्मा खाली येतो. बघायचं नाही असं मी स्वतःला बजावलं, आणि बघत राहिलो. धंदाच मोजण्याचा, त्याला काय करणार? काही दिवस तर ती प्रत्येक वाक्याला चष्मा पुसायची, आपल्या बोलण्यात ‘एक’ सारखा येतोच. ते दिवस मी डोळ्यांचा त्रास म्हणून सोडून दिले. राहिले दोन आणि तीन. वहीच्या शेवटच्या पानावर मी रेघा मारायला लागलो. वर्ष भरलं तेव्हा ‘दोन’ला चोवीस रेघा होत्या आणि ‘तीन’ला एकसष्ट.

मी वही फाडकन मिटली. खरा नकाशा तिसरा! आता गप्प बसावं तर मी लबाड. सांगावं तर पाच वर्षं पाण्यात, अकरा माणसांचं काम मातीत, आणि मावशी जन्मभराची दवंडी. मी दोन महिने गप्प बसलो. जेवण जाईना. नुसता पाक पीत होतो.

चौदाव्या महिन्यात तो दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत सगळा गट. पडद्यावर तीन आलेख, तिन्हींवर तो उंचवटा, जरा जरा सरकलेला. मावशी इस्त्री केलेले कपडे घालून आली होती. गळ्यातली किल्ली आणि कपाटातून आणलेलं पाकीट तिने टेबलावर ठेवलं. असं ताठ उभं राहिलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी पाकिटाला हात लावला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. “थांबा. मला आकडा कळलाय. मावशीच्या चष्म्यावरून. म्हणजे तिने नाही सांगितलं, मीच मोजलं.”

मावशीच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ती हळूच खुर्चीवर बसली. तिचा तो चेहरा बघून मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. “लिहा.”

मी फळ्यावर तीन लिहिला.

मावशीने फळ्याकडे पाहिलं. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती जी हसत सुटली! खुर्चीवरून घसरली, टेबलाला धरून उठली, पुन्हा हसली. “तीन! अगं बाई, तीन म्हणतोय!”

“मावशी!” मॅडम ओरडल्या. “अहो, तीन नाही हे फुटलं ना, दोन मिनिटं कळ काढायची!” आणि घाईघाईने पाकीट फाडलं.

दोन.

माझा आकडा चुकला, म्हणजे निकाल छापता येणार! मग जो गोंधळ झाला तो काय सांगू? कुणी टेबल बडवत होतं, कुणी मावशीचे हात हलवत होतं. दुसऱ्या आलेखातला आमचा उंचवटा पडद्यावर इतका ऐटीत बसला होता की मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. आमच्यातला सगळ्यात गंभीर माणूस कचऱ्याच्या टोपलीत उभा राहून ओरडत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मावशीने पर्समधून एक सापशिडीचा फासा काढला. “रोज सकाळी टाकायचे. एक-दोन पडला तर दिवसभर ‘एक’ला चष्मा पुसायचा, तीन-चार पडला तर ‘दोन’ला, पाच-सहा पडला तर ‘तीन’ला. मनाने केलं असतं तर पकडले गेले असते. तूच सांगितलंस ना, बटणं घेऊन?”

“पण मग ‘तीन’च्या एकसष्ट रेघा?”

“अरे, काका दिवसातून चार वेळा ‘तीन चमचे’ म्हणून ओरडतात. घरात तीनच ऐकू येतो, तर माझा चष्मा तीनलाच जास्त निघणार!”

दहा शास्त्रज्ञ माझ्याकडे बघत होते. आभाळाच्या ज्या तुकड्याकडे जास्त वेळ बघावं तिथे जास्त दीर्घिका दिसतात, म्हणून आधी बघण्याचा हिशेब वजा करायचा, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. नवीन मुलांना ते मीच शिकवतो.

“आणि मिक्सर?” मी विचारलं.

मावशी लाजली. “इतकं साचायचं रे! मग सात वाजले की मिक्सर लावायचा आणि त्यावर वाकून मोठ्याने ओरडायचं, दोन! दोन! दोन! मग दुसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटायचं.”

मॅडमनी परवानगी दिली आणि मावशी सुटली. वॉचमनला दोन, लिफ्टवाल्याला दोन, कॅन्टीनमध्ये दोन, फोन उचलून गावातल्या माझ्या आईला दोन. आईने विचारलं, काय दोन? “ते तुला नाही कळायचं,” म्हणाली, आणि पाऊण तास समजावलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. वॉचमन चालेल म्हणालो होतो, त्याबद्दल आणि रेघांबद्दलही. ती चहा टाकत होती.

“रेघांचं काही नाही रे,” ती म्हणाली. “मी मेले होते ती पहिल्याच दिवशी. तुझ्या कपात आयुष्यभर दोन चमचे घातले. त्या दिवशी हात उचलेचना. काकांचे तीन घातले, माझा एक घातला, आणि दोनलाच अडले. घाबरून चार टाकले. म्हटलं, झालं, संपलं, आता हा ओळखणार. दुसऱ्या दिवशी कमी करावे तर कालचे चार का, म्हणून विचारशील. मग रोज चारच. चौदा महिने तो आकडा तुझ्या नाकाखाली ठेवत होते, आणि तू माझा चष्मा मोजत होतास.”

काका दुकानातून ओरडले, “तीन!”

मग मला इतकं हसू फुटलं की ओट्याला धरून खाली बसलो, आणि मावशीही चमचा हातात घेऊन शेजारी बसली. हसता हसता मी तिला म्हटलं, मावशी, तुझ्याइतकं भरवशाचं माणूस माझ्या ओळखीचं नाही. तिने पदराने डोळे पुसले. चष्मा पुसला नाही.

“बोल, किती घालू?”

“दोन.”

तिने मोठ्याने मोजून दोन घातले आणि समोर बसून मी पिताना बघत राहिली. चौदा महिन्यांच्या पाकानंतर तो चहा मला अगदी पाणचट लागला. पण मी तिला ते सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.