बसची बारी

बारीवाले आबा कुणाच्या दाराची कडी वाजवत नसत. दिवे लागायच्या वेळी ते वस्तीत निघायचे, ज्याची दुसऱ्या दिवशी पाळी असेल त्याच्या उंबऱ्यापुढे थांबायचे, हातातला खोऱ्याचा दांडा जमिनीवर एकदा आपटायचे आणि म्हणायचे, "उद्या तुमची बारी हाय." एवढंच. आतून होकार आला की नाही, हे ऐकायला ते थांबत नसत. तोवर ते पुढच्या उंबऱ्याकडे निघालेले असायचे. त्या खोऱ्याचं पातं कधीच झिजून गेलं होतं. दांडा तेवढा त्यांनी ठेवला होता, आणि चालताना टेकायला त्याचा उपयोग होतो हे मात्र ते कधी कबूल करायचे नाहीत.

आमची वस्ती बेटावर आहे. हे सांगितलं की लातूरच्या आमच्या होस्टेलमधल्या मुली हसतात. "मराठवाड्यात कसलं बेट गं? आमच्या गावात प्यायला पाणी न्हाई!" मलाही नीट समजावून सांगता येत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या एका धरणाचं पाणी आमच्या गावात शिरलं आणि गाव काठावर नव्या जागी गेलं. पण जुन्या गावामागचा उंच माळ बुडाला नाही. ज्यांची शेतं त्या माळावर होती आणि जे त्या शेतांवर मजुरी करत होते, ते तिथंच राहिले. आमचं घर मजुरी करणाऱ्यांतलं. धरण भरलं की माळाला चारी बाजूंनी पाणी लागतं. मग नाव, आणि नावेतून उतरलं की काठावरच्या पत्र्याच्या शेडपाशी येणारी एसटी. सकाळी एक, संध्याकाळी एक. या दोन फेऱ्यांवर आमचं सगळं बाहेरचं जग अवलंबून होतं.

आबा तरुणपणी दुसऱ्या एका तलावाच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, हे बघण्याचं काम. एकाची बारी संपली की दुसऱ्याची. त्या कामात त्यांनी भांडणं पाहिली, शिव्या खाल्ल्या, एकदा डोकंही फोडून घेतलं. पण बारी मोडू दिली नाही. "पानी कुनाचंच नसतंय पोरी," ते मला म्हणायचे, "आपली फकस्त बारी असती." आमचे बाबा समोर आले की आबा स्वतःहून "जयभीम" म्हणायचे आणि बाबा त्यांना "रामराम" म्हणायचे. दोघांनी कधी ठरवलं नसेल, पण दोघांनी एकमेकांचं उचललं होतं.

मी अकरावीला होते तेव्हाची गोष्ट. बेटावरून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या आम्ही चौघी मुली होतो. एका सकाळी बसमध्ये आम्ही चौघी आणि आबा, एवढेच प्रवासी. आबा डोळ्यांचं औषध आणायला निघाले होते. कंडक्टरभाऊ स्वभावाने बरे माणूस होते. त्यांनी आबांच्या हातात तिकीट दिलं आणि हळूच म्हणाले, "आबा, ही फेरी आता जास्त दिस न्हाई चालत. भारमान न्हाई."

"भारमान म्हंजी?"

"म्हंजी गाडीत मान्सं किती बसतेत ते. इकडं गाडी रिकामीच येऊन राहिली. डेपोत बंद करा म्हनून चाललंय."

आबांनी हातातलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, तरी तिकीट फाडावंच लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "मी फुकटचा. मग मी मान्सात मोजला जातो का न्हाई?"

"जाता की. मशीनमधी तुमचं तिकीट निघतंय ना."

आबा तालुक्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "फेरी बंद झाली तर बघू मग पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीचं मला माहीत होतं. ज्या पावसाळ्यात आमची नाव फुटली होती, तेव्हा माझ्या ताईलाही दहावीनंतर "पुढच्या वर्षी" म्हणाले होते. ताईचं पुढचं वर्ष आलंच नाही. ती आता औशाकडे सासरी असते. बाबांचा दोष नव्हता. काठापासून मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत मुलींनी उसातून एकटं चालत जायचं, हे त्यांच्या जिवाला पटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी आबांनी सगळ्या म्हाताऱ्यांना समाजमंदिरापुढे बोलावलं. "बस बंद पाडून राहिले," ते म्हणाले. "मान्सं दिसली तर बंद पडनार न्हाई. आपुन पंचाहत्तरीच्या वरचे किती हाव बघा. घरी बसून खाटा मोडन्यापरीस बसमधी बसू. रोज दोन-तीन जन. बारी लावू."

धोंडीबाकाका तिथंच तंबाखू मळत बसले होते. ते आबांचे लहानपणापासूनचे सोबती आणि तितकेच जुने विरोधक. ते म्हणाले, "काम न्हाई, धंदा न्हाई, तालुक्याला जाऊन काय करायचं? बसस्टँडवर मावा इकायचा?"

"बसायचं. अन् पोरींसंगं माघारी यायचं."

"तुमाला फुकट हाय, तुमी बसा. मला अर्धं तिकीट पडतंय."

हे खरं होतं. धोंडीबाकाकांचं आधार काढताना कुणीतरी अंदाजाने वय घातलं होतं, त्यामुळे कागदावर ते त्यांच्या धाकट्या भावापेक्षाही धाकटे ठरले होते. सगळे हसले. पण काका तंबाखू तोंडात टाकून उठले आणि जाताना म्हणाले, "लोकाच्या पोरी शिकवायला माझी जिंदगी खाली न्हाई." आबांनी त्यांना थांबवलं नाही.

पहिला दिवस मात्र पार फसला. आबांनी बारी नीट लावली होती, पण उत्साहाच्या भरात ती कुणीच पाळली नाही. सकाळी बेटाच्या काठावर पाहतो तर बेटावरचे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या धुतलेले कपडे घालून, डबे बांधून हजर. जत्रेला निघाल्यासारखे. आमच्याकडे नावेत थोरांनी आधी बसायचं अशी रीत. लिंबाजीमामा नाव वल्हवायचे. त्यांनीही रीत मोडली नाही. म्हाताऱ्यांनी नाव भरली, आणि आम्ही चौघी दप्तरं घेऊन काठावरच राहिलो. नाव परत येईपर्यंत पलीकडे बसचा हॉर्न वाजला आणि बस निघालीसुद्धा.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. बस फाट्यापर्यंत गेल्यावर आबा मागे वळले आणि एकदम ओरडले, "अरे, पोरी कुठं हायत?" ज्यांच्यासाठी बस भरली होती, त्याच बसमध्ये नव्हत्या. आबांनी ड्रायव्हरला गाडी उभी करायला लावली. कंडक्टर म्हणाले, गाडी मागं नेता येत नाही. मग आबा उतरले आणि दांडा टेकत फाट्यापासून काठापर्यंत चालत आले. नाव परत आल्यावर आम्ही पलीकडे येऊन शेडमध्ये बसलो होतो. ते आमच्यासमोर उभे राहिले. दम लागला होता. म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासून पोरी आधी, म्हातारे मागून." आणि लिंबाजीमामांकडे वळून, "आयकलंस का रे? थोर-बीर काय न्हाई. पोरी आधी."

तेव्हापासून आमच्या नावेची रीत बदलली. सुरुवातीला आम्हालाच अवघड वाटायचं. पांढऱ्या केसांची माणसं काठावर उभी असताना आपण आधी पाय टाकायचा! मी घुटमळले की आबा दांडा आपटायचे. "चढ. बस तुझी हाय. आमी नुसतं भारमान हाव."

मग हळूहळू बारी बसली. रोज दोन-तीन म्हातारे आमच्याबरोबर निघायचे, तालुक्याच्या बसस्टँडवर पंख्याखालचा एक बाक धरायचे आणि संध्याकाळी आमच्याबरोबर परत यायचे. आधी त्यांना करमायचं नाही. नंतर कामं आपोआप सापडली. कुणी दवाखाना केला, कुणी दाढी करून आलं. सरूआजी तर गाव उठल्यापासून बेटाबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण अहमदपूरला दिलेली. आजींच्या बारीच्या दिवशी ती तिकडून येऊ लागली. दोघी बाकावर मधे शेंगांचा पुडा ठेवून दिवसभर बसायच्या. फार बोलायच्याही नाहीत. संध्याकाळी बसमध्ये चढताना सरूआजी आबांना म्हणायच्या, "माझी बारी जरा लवकर लावत जावा की."

"बारी बारीनंच येती," आबा म्हणायचे. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा दांडा सरूआजींच्या उंबऱ्यावर लवकर वाजायचा, हे आम्ही पाहिलं आहे.

कंडक्टरभाऊंना सगळं समजत होतं. एकदा हसत म्हणाले, "आबा, तुमी लोक रोज कुठं चाललाव, काय काम करताव, मला काय कळंना."

"बसमधी बसताव. हे काय कमी काम हाय? तुमचं बी तेच काम हाय की."

"ह्ये खोटं भारमान झालं, आबा."

आबांचा चेहरा तेव्हा उतरला नाही, कडक झाला. "खोटं कसं? मान्सं खरी हायत, तिकीट खरं हाय, पोरी खऱ्या हायत. रिकामी गाडी दिसती म्हून बंद करताव ना? आता भरली. आता चालवा."

फेरी चालू राहिली. कुणी वर काय लिहिलं, काय ठरलं, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या बारावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत एक दिवसही आमच्या बसमध्ये आम्ही चौघीच असं झालं नाही. वादळी वारं सुटायचं तेव्हा लिंबाजीमामा नाव सोडायला का-कू करायचे. आबा काठावर बसून पाण्याकडे बघत राहायचे, जरा वारं पडलं की "आता" म्हणायचे आणि आम्ही निघायचो. त्यांना ताप असायचा तेव्हा आजी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या, "आज दुसऱ्या कुनाला धाडा." आबा म्हणायचे, "आज बारी माझी हाय. दुसरा कामून जाईल?"

मी लातूरला बीएस्सीला निघाले त्या दिवशी आबांची बारी नव्हती. तरी ते काठापर्यंत आले. मला वाटलं काही मोठं सांगतील. ते म्हणाले, "तिकडं बस चुकवू नको." मी म्हटलं, "आबा, तिकडं कॉलेज होस्टेलच्या शेजारीच हाय. बस लागत न्हाई." त्यांनी जरा विचार केला. "मग टायमावर जात जा," म्हणाले आणि माघारी फिरले.

यंदा परीक्षा चालू असताना बाबांचा फोन आला. आबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मी मिळेल ती गाडी धरून तालुक्याला आले आणि संध्याकाळच्या फेरीने घर गाठलं. सकाळी आबांच्या अंगणात सगळं बेट जमलं होतं. आबांची लेक किल्लारीहून जीपने निघाली होती. ती येईपर्यंत थांबायचं होतं. त्याच दुपारी लातूरला माझा पेपर होता. तो सोडायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते.

तेवढ्यात पाण्यापलीकडून हॉर्न आला. रोजचाच, बस काठावर येताना दोनदा वाजणारा. मग सरूआजी हळूच म्हणाल्या, "आज बारी कुनाची हाय?"

सगळ्यांना माहीत होतं. आज बारी आबांची होती.

आबांच्या उशाशी बसलेल्या आजींनी डोळे पुसले. त्यांची नजर माझ्यावर आली. "तुझा पेपर हाय म्हनत होता तुझा बाप."

"मी न्हाई जात, आजी."

"त्यांनी आयकलं असतं का हे?" त्या म्हणाल्या. "जा. तुझ्यामागच्या पोरींची बी शाळा हाय आज. त्या काठावर उभ्या असतील."

मी उठले, पण पाय निघेना. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले धोंडीबाकाका उठले. त्यांनी टोपी नीट केली. कोपऱ्यात उभा केलेला आबांचा दांडा उचलला आणि आजींकडे बघितलं. आजींनी मान हलवली.

कुणीतरी म्हणालं, "काका, तुमी? लेक आली की उचलायचं हाय. खांदा कोन देनार?"

"त्याला पोचवायला चौघं हायत," काका म्हणाले. "बसला कोन हाय?"

काठावर शाळेच्या पोरी उभ्याच होत्या. काकांनी दांडा आपटला. "चढा. पोरी आधी." त्या चढल्या, मग मी, मग काका. नाव निघाली. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. काका मात्र सारा वेळ बेटाकडेच तोंड करून बसले होते.

बसमध्ये कंडक्टरभाऊ मशीन घेऊन आले. काल संध्याकाळी ते ड्यूटीवर नव्हते, त्यांना अजून काही माहीत नव्हतं. काकांना पाहून त्यांना नवल वाटलं. "काका, तुमी आज? आधार दाखवा."

"आधारावर मी अजून पोरगाच हाय. अर्धं फाड."

तिकीट निघालं. भाऊंनी मागच्या सीटपर्यंत नजर फिरवली. "आज आबांची बारी होती ना?"

काकांनी दांडा दोन्ही गुडघ्यांमधे घट्ट उभा धरला.

"हाय की," ते म्हणाले. "त्यांच्याच बारीवर आलोय. चल, मार बेल. पोरीला पेपर हाय."